भाग्येश नवापूरला कोणी दिला?

नाही, पण मी म्हणतो, सात जणांची कमिटी, सात जणांनी चहा प्यायला, सात जणांनी सह्या ठोकल्या, आणि आता गावात बायका नळावर सुद्धा काय म्हणतात, तर नथ्थूअप्पानं भाग्येश नवापूरला दिला! अरे, मी दिला? मी काय तो खिशात घेऊन फिरत होतो?

तुम्हाला सांगतो, आमच्या रनाळ्याला हॉकीचं वेड कसं लागलं हे विचारू नका. एक पी.टी.चे सर आले होते, त्यांना क्रिकेटचा भारी राग, त्यांनी पोरांच्या हातात बॅटीऐवजी हॉकी दिली, सर बदलून गेले आणि हॉकी राहिली. आता दर जानेवारीत सात-आठ गावांची लीग असते. पैशाचा व्यवहार नाही बरं का, ते आधीच ठरलंय. खेळाडू हवा असेल तर खेळाडू द्या. लग्नात साटंलोटं करतात ना, तुमची मुलगी आम्हाला, आमची तुम्हाला, तसंच. नारळ द्यायचा, टॉवेल-टोपी द्यायची, आणि आलेल्या खेळाडूनं गेलेल्याच्या घरी राहायचं, त्याच्याच खाटेवर झोपायचं. आमच्याकडे असंच चालतं.

तर भाग्येश. हा आमच्या कौसाबाईचा, म्हणजे माझ्या बायकोचा भाचा, तिच्या भावाचा मुलगा. जन्म सुरतचा, शिक्षण सुरतचं, कॉलेजसाठी फुईकडे, म्हणजे आत्याकडे आला. काय सांगू तुम्हाला त्याचा खेळ! चेंडू स्टिकला चिकटून यायचा. सरावाला पावसाळ्यात बघा, तीन जणांना चकवून दहा-दहा गोल करायचा, लोक शेतातली कामं टाकून कुंपणावर उभे राहायचे. आणि जानेवारीत लीग लागली की? अख्खं मैदान कापत यायचा, गोलपुढच्या डी मध्ये शिरायचा, आणि तिथे... तिथे त्याचं काय व्हायचं देव जाणे, डोळे मिटून चेंडू भलतीकडेच मारायचा. एकदा तर पंचाच्या नडगीवर. दोन वर्षं! पोरगं गुणी, पण गोल नाही.

मग काय, गावाचे दोन तट. खात्या चहावाल्याच्या टपरीवर रोज तेच. एक म्हणे थांबा, पोरगं फुलेल, दुसरा म्हणे फुलून फुलून केळं सुद्धा इतक्यात पिकतं. आमचे अध्यक्ष नवनीतभाऊ, ते बोलतात कसे माहितीय ना, डोळे मिटून, प्रत्येक शब्द तोलून, ते म्हणाले की मानसिक प्रश्न आहे. सुगनचंद शेठ, त्यांचं कापडाचं दुकान, त्यांनी सगळं कापडात बसवलं... "अप्पा, ये शोकेस की साडी है. सब हाथ लगाके देखते, लेता कोई नहीं." आणि सगळे हसले. मी पण हसलो. हसायला नको होतं, पण हसलो.

त्यातच नवापूरवाल्यांचा निरोप आला. भाग्येश द्या, आमचा गोलकीपर सुकराम घ्या. कमिटी बसली. तीन मतं इकडे, तीन तिकडे, आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. आता सांगा, मी काय करायचं? राहू द्या म्हटलं असतं तर बोलले असते, बायकोचा भाचा ना, घरचं पोरगं ना. तेवढ्यासाठी, फक्त तेवढ्यासाठी, मी हात वर केला आणि म्हटलं, द्या. मोठा न्यायाचा पुतळा झालो मी! नारळ दिला, भाग्येश माझ्या पाया पडला, कौसाबाईनं त्याला लेक सासरी धाडावी तशी दशम्यांची पिशवी दिली, आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं बंद. जेवण वाढायची ती, पण ताट सरकवायची अशी की भिंतीला जाऊन लागावं. मी आपला मनाला समजवत होतो, पोरगं गुणी, पण गोल नाही, आपलं काय चुकलं?

सुकराम आला. मोजकं बोलणारा, कामाला वाघ. एकच खोड, टॉवेल-टोपीतला टॉवेल ओला करून तोंडाला बांधायचा आणि मगच गोलात उभा राहायचा. आम्हाला वाटलं, स्टाइल असेल. आमच्या पोरांनी पण बांधून पाहिला.

आणि मग नवापूरहून बातम्या यायला लागल्या. त्यांचं यंदा पहिल्यांदाच स्वतःचं मैदान झालं, त्याआधी लीगचे सगळे सामने आमच्याच मैदानावर व्हायचे. पहिला सामना, भाग्येशचे तीन गोल. दुसरा, चार. तिसऱ्याची बातमी आली तेव्हा मी खात्याकडे चहा पीत होतो, तो तसाच ठेवला. झोप म्हणून नाही हो! कूस बदलली तरी चेंडू गोलात जाताना दिसायचा. शेवटी बसलो बसमध्ये आणि गेलो नवापूरला.

पोरगं मला बघून धावत आलं. मी ख्याली-खुशाली विचारली नाही, पाणी घेतलं नाही, सरळ विचारलं, रनाळ्यात तुला काय झालं होतं? तर मान खाली. मग हळूच म्हणतो,

"फुवा, तठे डोयामा पानी येस. गोल दिखेच ना. मले वाटे सगयास्ले येस, मीच कच्चा शे."

पाणी? डोळ्यात कसलं पाणी? आणि याला वाटे, सगळ्यांनाच येतं! आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला हो! आमच्या मैदानाच्या अल्याड माझी मिरचीची पथारी, पल्याड माझीच मिरचीची पथारी. जानेवारीत लाल मिरची वाळायला घातलेली, वारा सुटला की सगळा ठसका सरळ दोन्ही गोलांवर. आम्हाला काय कळणार? आमची लेकरं पाळण्यात ठसका खाऊन वाढतात, आमच्यासाठी ती हवाच. हा सुरतचा! आणि तुम्हाला खरं सांगू, तेव्हा दुसरीही एक गोष्ट लक्षात आली. बाहेरगावचा प्रत्येक संघ आमच्या गोलापाशी येऊन शिंकायचा. आम्ही दोन वर्षं मिरवत होतो की रनाळ्याचा बचाव अभेद्य!

मी म्हटलं, "मंग बोलना काब नही?"

"मिरची तुम्हनी शे. घर तुम्हनं शे. तोंड कसं उघाडू?"

मला रडू आलं. मिरची नव्हती तिथे, तरी आलं. ज्याला सगळ्या गावादेखत नालायक ठरवला, त्याची चूक एवढीच की तो माझ्या घरचा पाहुणा होता आणि त्याला भीड वाटली.

आता पुढचं ऐका. फायनल! रनाळे विरुद्ध नवापूर, आणि मैदान आमचं. नवनीतभाऊ खूश, म्हणे आपल्या मैदानावर तो खेळतच नाही, घाबरतो. सगळं गाव खूश. खरं कारण एकट्या मला माहीत. गप्प बसलो तर चषक घरात. कोणी विचारणार नाही, कोणाला कळणार नाही. मी ओट्यावर बसायचो, उठायचो, पथारीपर्यंत जायचो, परत यायचो. शेवटी कौसाबाईला सांगितलं. वाटलं, ती भांडेल. ती महिन्याभरानंतर पहिल्यांदा बोलली आणि दोनच शब्द बोलली.

"गोया करा."

मी म्हटलं, अगं गोळा काय करा, मिरची अर्धी ओली आहे, सडेल, आणि आपला संघ... तर म्हणते, "तुम्हना संघ नही जिंकना. मिरची जिंकनी."

सकाळी सहाला आम्ही दोघं आणि बरोबर सुकराम. त्याला सांगायची गरजच पडली नाही, तो टॉवेल बांधून घमेलं घेऊन उभाच होता. दोन्ही पथाऱ्या उचलल्या, ओट्यावर, माळ्यावर, माझ्या पलंगाखाली सुद्धा मिरची. आणि दुपारी सामना. भाग्येश डीत शिरला, थबकला, एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे, दोन्हीकडे मोकळी जमीन. मग माझ्याकडे बघितलं. आणि मग, तुम्हाला सांगतो, एक, दोन, तीन, चार! सुकरामनं निम्मे अडवले म्हणून चार, नाहीतर मोजायची सोय नव्हती. आमचा अभेद्य बचाव असा उघडा पडला की अजून झाकता येत नाही. आणि चौथ्या गोलाला अख्ख्या गावात टाळी वाजवणारे आम्ही दोनच, मी आणि कौसाबाई. तिथेच सापडलो.

दुसऱ्या दिवशी कमिटी. पथारी कुठे गेली, कोणी उचलली, का उचलली. मी सगळं सांगून टाकलं. वाटलं, लोक भाग्येशबद्दल चार बरे शब्द बोलतील. तर नवनीतभाऊ डोळे मिटून म्हणतात, मैदानाचा फायदा ज्यानं घालवला, त्यालाच बदलीत देऊन टाकू. लावला की नवापूरला फोन, सगळ्यांसमोर, आवाज मोठा करून! की नथ्थूअप्पा घेता का, कोणीही द्या बदल्यात. पलीकडे जरा कुजबुज झाली. मग उत्तर आलं की अप्पा नको, फुकट पण नको. पण भाग्येशच्या फुईला धाडत असाल, तर दोन खेळाडू घेऊन जा.

एका मिनिटात ठरलं. मला कोणी विचारलंही नाही. घरी आलो तर कौसाबाईची पिशवी भरून तयार, कोणीतरी आधीच सांगितलेलं. कमिटीनं तिला नारळ दिला, मी बसपर्यंत पोहोचवायला गेलो. रीतीप्रमाणे ते दोन खेळाडू आता माझ्याकडे राहतात, सुकराम धरून तीन, आणि चौघांच्या भाकरी मीच थापतो. करार पुढच्या हंगामापुरताच आहे म्हणा. पण काल तिचा फोन आला होता, म्हणाली, इकडे जमलंय माझं, वाढवून मागते.