सीडी खराब नव्हती

मंडळी, बोलणं जड जातंय. पण आधी तक्रार. मला दिलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीचा एक पाय आखूड आहे. तासभर डुलत डुलत मी सहा जणांचं दुःख ऐकलं. त्यात हा माइक शिट्ट्या मारतोय. विजू असता तर म्हणाला असता, "बंद नोको करू बे, रेकॉर्ड करजो!"

मागच्या मंगळवारी विजू गेला. बोरगाव मेघेच्या चार पोरांचा बँड, 'गळका नळ', त्यातला हा गिटारवाला. नव्वदच्या दशकात त्यांची पहिली कॅसेट आली. गिटार, तेलाचे डबे, सायकलची घंटी आणि विजूचं बोंबलणं. तिच्यावर तुम्ही वरातीत नाचलात. आज सहाही वक्त्यांनी तिचीच आठवण काढली. 'दुपार'चं नाव एकानं तरी घेतलं?

'दुपार' ही त्यांची शेवटची सीडी. तोवर डबे गेले होते, बोंबलणं गेलं होतं. आवाज खाली खाली उतरत गेला होता. आणि पाचव्या गाण्यात तो थांबतोच. दीड मिनिट काही नाही. मग पुन्हा गिटार.

तुम्ही काय केलंत, मंडळी? पुसून पुन्हा लावलीत. एका शहाण्यानं फ्रिजमध्ये ठेवून पाहिली. मग परत केलीत. हे देवळीचे शेटजी, आता रुमाल ओला करतायत ते, यांनी अख्खं खोकं परत पाठवलं. "माल खराब आहे, अर्ध्यात बंद पडते."

आणि मी? मी आपल्या साप्ताहिकात तेच छापलं. वर मल्लिनाथी केली, की पाचवं गाणं बहुधा गायकालाच झेपलं नाही.

विजू घरी आला. चिडला नाही, हेच मला खटकलं.

"भाऊ, सीडी खराब नाई. तेवढं एक वाक्य छापून द्या ना."

"मग मधातच थांबला काऊन?"

"पुरतं आयकलं का तुमी?"

"थांबलेलं काय आयकू रे?"

तो हसला. अर्धा चहा तसाच ठेवून उठला. पुढच्या अंकात छापतो, म्हटलं मी. पुढच्या अंकात एका पुढाऱ्याचा वाढदिवस निघाला. त्याच्या पुढच्यात जागा नव्हती. मग साप्ताहिकच बंद पडलं. बँड त्याच्याही आधी.

माझा विजूवर राग आहे. सांगायचं ना, काय आहे त्यात! नाही. "आयका" म्हणे. आमच्या गावात आयका! इथे समोरचा श्वास घ्यायला थांबला, की आपण आपलं सुरू करतो.

काल दुपारी बँडमध्ये डबे वाजवणारा रमेश आला. त्यानं माझ्या कानाला हेडफोन लावले. पाचवं गाणं, विजूच्या घरीच बॅटरीवरच्या टेपवर घेतलेलं. लाइट जाते. पंखा कुरकुरत, हळू होत होत थांबतो. लांबून एस.टी. जाते. मग आतल्या खोलीतून, अगदी बारीक, "विजू, पानी पेतं का रे बापू?" गिटार सुरू होते.

ही हाक मारणारी मावशी, विजूची आई, दुसऱ्या रांगेत बसली आहे. तिनं हे गाणं ऐकलेलं नाही. खराब आहे, असं तिला आपणच सांगितलं होतं.

मावशी, राहून गेलेला खुलासा करतो. सीडी खराब नव्हती. मी पूर्ण न ऐकता लिहिलं.

रमेश, माइक सीडी प्लेअरपुढे ठेव. पाचवं लाव. मंडळी, उभे राहा. गिटार थांबली, की कुणी खोकू नका. शेटजी, तुम्हीसुद्धा.