बर्फावरून जाणारी वाट

शिंपी : पण ताई, नकाशावर लेक राहते सरळ समोर. हे विमान वर बर्फात कशाला शिरतंय? आत्ताच तुमच्या भिंतीवरच्या नकाशाला टेप लावली मी. तुमच्या विमानाची रेघ सुटलेल्या पोटावरच्या पट्ट्यासारखी वर गेलीय.

तिकीटवाली : काका, तीच जवळची वाट आहे.

शिंपी : आयुष्य गेलं माझं मापं घेण्यात.

बायको : अहो, तिला तिकीट काढू द्या. ताई, सकाळी जावयांचा फोन आला. बाळ पुढच्या महिन्यात यायचं, तर आजच घाई करतंय म्हणे. लेक एवढंच म्हणाली, आई, तू ये.

तिकीटवाली : म्हणून सांगते, काकू. संध्याकाळच्या विमानात जागा आहेत. नऊ हजार किलोमीटर, अकरा तास, मध्ये कुठं थांबणं नाही. काकांच्या वाटेनं दीड हजार किलोमीटर जास्त, दोनदा विमान बदला, आणि पोचायला उद्याची रात्र.

शिंपी : पण खाली माणसांची वस्ती तरी असेल.

बायको : असं होय! भीती वाटते म्हणा की. बघा इकडं. हा माझा लोकरीचा गुंडा. इथं वरच्या अंगाला आपण, आणि इथं पलीकडं तेवढ्याच उंचीवर लेक. दोन्हीकडून धागा धरा नि ओढा.

शिंपी : ओढला. अगं, हा वर सरकतोय.

बायको : आणि नकाशासारखा सरळ आडवा ठेवला तर?

शिंपी : जास्त धागा लागतोय. म्हणजे गोल डोक्याची टोपी मी टेबलावर पसरून मापत होतो. दुकानात सांगू नकोस कुणाला.

तिकीटवाली : काका, बोलता बोलता चार जागांतल्या दोनच राहिल्या. सहाला निघायचं, तिथल्या आठला पोचायचं. आजच.

शिंपी : अकरा तासांत घड्याळ दोनच तास पुढं?

तिकीटवाली : तिथलं घड्याळ आपल्यामागं नऊ तास आहे ना.

बायको : देवाची करणी बघा. आजचा दिवस आपल्यासाठी लांबवून ठेवलाय त्यानं.

(फोन वाजतो.)

बायको : बोला, जावईबापू... बरं... तिला म्हणावं, आई निघाली... (फोन ठेवून) अहो, आत नेलं तिला. डॉक्टर म्हणतात, तासाभरात होईल.

शिंपी : म्हणजे आपण काही वेळेवर पोचत नाही. मग उद्याच्या विमानानं, जरा निवांत...

बायको : बाळ त्याच्या वेळेला येईल, त्याला आणणारा वर बसलाय. मी माझ्या लेकीकडं निघालेय. ती मला बोलावतेय.

तिकीटवाली : काका, काय करू?

शिंपी : आजचीच काढा, दोघांची.

तिकीटवाली : खिडकीची जागा कुणाला?

शिंपी : हिला द्या. मी डोळे मिटून हिचा हात धरून बसेन.