समोर माश्या होत्या तेव्हा

हॅलो? … हॅलो, कोण? … चैतू! अगं, मीच बोलतेय. चारूताई … आवाज असा येतोय कारण ओठ सुजलाय. वरचा … नाही गं, पडले नाही. माश्या चावल्या. आग्या मोहोळाच्या … हो, हो, ठीक आहे मी! ओरडू नकोस, तुझ्या मागे बूथवर लोक उभे असतील.

आईला कोणी सांगितलं? … म्हणजे तिला अर्धंच कळलंय. शाळेच्या गावात, कापड्यात नाही गं, कापड्याच्या वरच्या अंगाला ते रान आहे ना देवीचं, तिथे. परवा शाळेचं वनभोजन होतं. शनिवारी.

हो, तेच वनभोजन … हसू नकोस. दोन वर्षं रजा टाकली होती मी त्या दिवशी, माहितीये मला. यंदा दुसऱ्या बाई बाळंतपणाच्या रजेवर. उरलो मी आणि हेडमास्तर, चिंतामणी गुरुजी. बत्तीस मुलं. कशी नाही म्हणू?

काय सांगू तुला! तीन आठवडे मी नुसती मरत होते. पोलादपूरच्या गाडीत बसलं की सुरू. कोणी ओढ्यात पडलं तर? कोणाला भाजलं तर? विंचू निघाला तर? तळहात गार, छातीत धडधड. गुरुजी म्हणाले, ‘बाई, तुम्ही फार भित्र्या.’ … चिडू नकोस. खरंच वाटत होतं मला ते.

ऐक ना. चूल पेटवली गुरुजींनी, खिचडीसाठी. सावरीच्या झाडाखाली. वर कोणी बघितलंच नाही. धूर सरळ मोहोळात … हो ना! पहिल्यांदा नुसता आवाज आला. लांबून गाडी येते ना घाटातून, तसा. मग मुलं किंचाळायला लागली.

आणि चैतू, मला काही झालंच नाही … चावल्या गं, चावल्या! तसं नव्हे. आत काही झालं नाही. डोकं एकदम स्वच्छ. मी ओरडले, ‘पालथे पडा! तोंड जमिनीकडे!’ दोन जाजमं होती जेवायला बसायची, ती ओढली सगळ्यांवर. कडा दाबून धरायला मोठ्या मुलींना बसवलं आतून. एक बारका पोरगा आतून विचारतोय, ‘बाई, गेल्या काय? मी आता श्वास घेव काय?’

गुरुजी? … पळाले. गावाच्या दिशेनं. थांब, इतक्यात नावं ठेवू नकोस त्यांना. पुढचं ऐक.

मी मोजलं, एकतीस. चंदी नव्हती … चंदी म्हणजे चंद्रभागा, तिसरीतली. तिच्या आजीचंच नाव ठेवलंय तिला. पाणी आणायला ओढ्यावर गेली होती. बघते तर तिथेच उभी, कळशी धरून. तोंडावर, केसात माश्या. रडतसुद्धा नव्हती. खांबासारखी उभी.

… हो, गेले ना. मग काय करणार? बाहेर पडले जाजमाखालून आणि धावले. चाळीस पावलं असतील. तिला उचललं आणि बसले पाण्यात, सरळ कमरेपर्यंत. पदर भिजवून दोघींच्या डोक्यावरून घेतला. तिचं नाक माझ्या खांद्यात. वर घूं घूं चाललेलं, पाठीत सुया टोचाव्यात तसं … एकोणीस. डॉक्टरांनी काटे काढताना मोजले.

किती वेळ कोण जाणे. मी तिला पाढे म्हणायला लावले. साताचा चुकला तिचा, तर मी दुरुस्त केला! खरंच! पाण्यात बसून!

मग गुरुजी आले. गावातून पाचसहा माणसं, ओली गोणपाटं, घोंगड्या घेऊन. स्वतः पुढे. त्यांचा एक डोळा पार मिटला होता गं. मला म्हणाले, ‘बाई, मी पळालो.’ मी म्हटलं, ‘आलात ना परत.’ … अजून काय बोलायचं त्या माणसाला?

मुलांना दोनतीन, दोनतीन चावल्या. चंदीचं मात्र अवघड झालं. ओठ सुजले, मग घशातून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. रस्त्यावर नासिर म्हणून एकाचा टेम्पो मिळाला, पेंढा भरून महाडला निघाला होता. त्यानं अर्धा पेंढा तिथेच रस्त्याकडेला ढकलला आणि आम्हाला बसवलं. पोलादपूरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत हॉर्नवरचा हात काढला नाही त्यानं. इंजेक्शन दिलं, आणि अर्ध्या तासात पोर म्हणते, ‘बाई, खिचडीचा काय झाला?’

… बरी आहे, बरी आहे. काल घरी सोडलं. तिची आई, बनुबाई, भाकऱ्या घेऊन आली होती इथे महाडला, एवढ्या लांब. नुसता माझा हात धरून बसली. ‘तू व्हतीस म्हनून गो, बाय.’ 

आता मला सांग, तू एवढी मानसशास्त्र शिकतेस. हे काय आहे? तीन आठवडे नुसत्या विचारानं थरथरणारी बाई, आणि ऐन वेळी … हं. … हं. परत सांग. भीती वेगळी, चिंता वेगळी? … भीतीला समोर काहीतरी असतं. बरोबर. माश्या समोर होत्या, दिसत होत्या. कुठे धावायचं ते पायांना कळत होतं. आणि ते आधीचं? … पुढचं, न घडलेलं. म्हणून तर! कशापासून पळू आणि कुठे? विंचवाची चिंता केली, आणि निघाल्या माश्या. माश्यांची तर मी एकदाही केली नव्हती गं!

… नाही, तेच विचारणार होते. मला वाटलं, एवढं निभावलं म्हणजे आता ते गेलं. सुटले. आज सकाळी वर्गात फळ्यावर तारीख लिहीत होते. मुलं गप्प, सगळं छान. आणि एकदम धडधड. खडू हातातून पडला. समोर काहीच नव्हतं, चैतू. फळा होता आणि तारीख होती.

… रडत नाहीये. ओठ दुखतोय … बरं, थोडी रडतेय.

म्हणजे एकीला तोंड दिलं म्हणून दुसरी जात नाही? … मी भित्री आहे म्हणून नाही? … परत म्हण … हं. … औषध असतं त्याला? नुसतं बोलूनसुद्धा? … कोण, तुमच्या मॅडम? पुण्यात? … वेड्यांच्या डॉक्टर नव्हेत ना त्या? … बरं बरं, चुकले, ओरडू नकोस.

तुझ्या भाऊजींना? … नाही माहीत. दोन वर्षं पित्त म्हणून सांगतेय. बिचारे दर आठवड्याला कोकम आणतात … लाज वाटते गं. माश्यांत धावताना नाही वाटली, हे सांगायला वाटते. बघ की.

… घे. घे मॅडमची वेळ. पुढचा शनिवार चालेल … नाही, बदलणार नाही. येते म्हटलं ना.

थांब, फटफटी वाजली. कंपनीतून आले वाटतं … नको, तू नको बोलूस त्यांच्याशी. मी सांगते. … आत्ताच सांगते, नाहीतर राहील … हो. हो गं.

अहो, हातपाय नंतर धुवा. आधी इथे बसा जरा, माझ्याजवळ …

चैतू, ठेवते.