पूजेतला पाना

धाकू : बाळाकाका, आज खंडेनवमी. दुकानातल्या पान्यांची पूजा झाली, आता उद्यापर्यंत हत्याराला हात लावायचा नाय. तुमच्या सायकलीच्या पायडलची पिन तुटलीय, तिच्या जागी खिळा ठोकून देतो दगडानं.

बाळा : देवरुखापर्यंत टिकेल ना रे? सर्विस मोटार चुकली. माझ्या लेकीचा, चिमाचा ताप उतरत नाय, जावयानं सांगावा धाडला. हे औषध आजच तिच्या पोटात जायला हवं.

सगुणा : (आतून येत) भावजी, कसला आवाज तो?

धाकू : खिळा ठोकतोय गो वयनी.

सगुणा : काढा तो.

धाकू : नवी पिन नि पाना दोन्ही पूजेत हायत. दादा असता तरी त्यानं हेच केलं असतं.

सगुणा : केलंच ना! गेल्या नवमीला त्यांच्याच सायकलीची पिन तुटली. म्हटलं, उचला पाना, देव काय खाणार नाय. तर म्हणाले, वर्षातून एक दिस हत्यारांनी निजायचं. खिळा ठोकला नि गेले. निवळीच्या चढावर उभं राहून पायडल मारलं, नि खिळा निसटला...

बाळा : अगो, आम्हाला तर पाय घसरून पडला नि गेला म्हणून सांगितलंत!

सगुणा : दुकानाचं नाव जाईल म्हणून. पण मला अजून ऐकू येतं, काका. दुपारची पडवीत बसले की सैल पायडल वाजतं. टक... टक... चढतच हायत ते. चढ काय संपत नाय त्यांचा.

धाकू : वयनी... मला पण येतो तो आवाज. तू भिशील म्हणून बोललो नाय.

सगुणा : मग खिळा कसा ठोकवला तुम्हाला? सरा बाजूला.

धाकू : पूजेला हात लावू नको! तुझ्या कपाळी कुंकू नाय, लोक काय म्हणतील?

सगुणा : कुंकू ह्या पूजेपायीच गेलं. आता देव आणखी काय नेणार माझं? काकांची लेक तेवढी उरू दे. ही पिन नि हा पाना घ्या.

धाकू : वयनी, हा पाना गरम लागतोय, कुणी आत्ताच हातात धरल्यासारखा! समई तर पार तिकडं हाय.

बाळा : टाक रे, टाक तो खाली!

सगुणा : टाकू नका. काका, तुम्ही सायकल धरा. भावजी, नुसता हात ठेवा. आवळू द्या त्यांना.