धुक्यातला पूल

मंडळी, खुर्च्या कमी पडल्यात, मागच्यांनी जरा सांभाळून घ्या. वसंतरावांविषयी बोलायला उभा राहिलोय. दुःख तर आहेच. पण खरं सांगतो, मला भीती वाटतेय.

समईशेजारी त्यांचं शेवटचं चित्र ठेवलंय. डेलावेअर नदी, काठावरचं गाव, वर सोनेरी आभाळ आणि पूल. पूल मध्यापर्यंत येतो, पुढे नुसता पांढरा कागद. बाजूच्या टेबलावर रंग मांडलेत. सभा संपली की त्यांचा मुलगा, निखिल, तो पूल पूर्ण करणार आहे.

का? परवा दहाव्याला, इथे अमेरिकेत, पार्कात पिंडाला कावळा शिवेना. थंडीत सगळे ताटकळलो. शेवटी निखिल हात जोडून म्हणाला, "बाबा, तुमचं अर्धं चित्र मी पुरं करीन." आणि कावळा शिवला.

मघाशी पार्किंगमध्ये मी त्याला अडवलं. तो म्हणाला, "काका, प्लीज. मी बाबांना प्रॉमिस केलंय. आईला झोप नाहीये." पण गप्प बसलो तर मी मित्र कसला?

वहिनी, ऐका. निखिल, तूही ऐक. हे चित्र झालं तेव्हा मी शेजारी होतो. शनिवारी मी ड्राइव्ह करायचो, ते चित्र काढायचे. त्या सकाळी नदीवर धुकं होतं, पलीकडचा काठ दिसतच नव्हता. मी म्हटलं, "वसंतराव, पूल अर्धाच राहिला की." असे भडकले! "अहो, धुकं आहे ते! जलरंगात पांढरं लावायचं नसतं, कागद कोरा राखायचा असतो. ती पुलावरची माणसं बघा, निघालीत पलीकडे. अडलंय का त्यांचं?" मग ब्रश धुतले आणि म्हणाले, "झालं चित्र. चला, चहा पाजा."

झालं, म्हणाले. निखिल, तुझ्या बाबांचा जीव कशातही अडकलेला नाही. तू शब्द मोडत नाहीयेस रे. पुरं करायला काही उरलेलंच नाही. माझ्यावर रागाव, चालेल. त्या कागदाला हात लावू नकोस.

आता दोन मिनिटं शांत उभे राहू. डोळे मात्र मिटू नका. निखिल, आईला पुढे आण. पुलावरची ती ठिपक्याएवढी माणसं त्यांना जवळून दाखव.

वसंतराव, निघा तुम्ही. वाट मोकळी आहे.