आनंदाने जा

आमच्या मुक्ताने पसंत केलेल्या मुलाच्या आडनावाचं तुम्हाला सांगितलं नाही वाटतं. एतिएन व्हादबोंकर, मॉन्ट्रियलचा. क्युबेकबाहेर हे आडनाव क्वचितच सापडतं. तो पहिल्यांदा जेवायला आला, तेव्हा लग्नाला फक्त तिच्या आईचा, शोभाचा, होकार यायचा होता, आणि मी सहज आडनावाचा अर्थ विचारून बसलो.

"'आनंदाने जा'," तो म्हणाला.

शोभाचा वाढता हात थांबला. आपण निघालेल्या पाहुण्यालासुद्धा 'जा' म्हणत नाही, 'या' म्हणतो.

"मुक्ता, अगं, दारावर 'जा' अशी पाटी लावणार तू?"

"आई, प्लीज! इट्स जस्ट अ नेम."

तरी मुक्ताने त्याला अडचण समजावली. तो हसला नाही. घास संपवून म्हणाला, "फ्रान्सच्या सैन्यात शिपायांना अशी टोपणनावं द्यायचे. आमचा मूळपुरुष तसाच इथे क्युबेकला आलेला. लढाई संपल्यावर साहेबाने परत जा म्हटलं, पण तो जहाजात चढलाच नाही. इथेच लग्न केलं, शेती केली. आम्ही सगळे अजून इथेच आहोत."

शोभाने जरा विचार केला आणि त्याच्या ताटात आणखी दोन अळूवड्या वाढल्या.

"म्हणजे जा म्हटलं तरी न जाणारी माणसं आहेत," ती मला म्हणाली. "मग चालेल."