सनरूफची चार भोकं

दोन हजार नऊ साली गॅरेजच्या बाकावर माझ्या शेजारी एक बाई बसली होती. तिचा नवरा आतून आला, तशी ती म्हणाली,

"गळती सापडली नसेल, तर गाडी विकायची, हं."

"सापडली. सनरूफच्या कोपऱ्यांत पाणी वाहून जायला चार भोकं असतात."

"अहो, ती तर तुम्ही सिलिकॉन भरून बुजवलीत!"

"तीनच. मला वाटलं, पाणी तिथूनच आत येतं. चौथं आधीच पानाने बुजलं होतं."

"म्हणजे पायाशी साचलेलं तळं..."

"पानाचं आणि माझं. पानाला निदान अक्कल नव्हती."

"गाडी राहू दे. तुम्हालाच विकते."

"घेणार कोण?"

गाडी पुढे बारा वर्षं कोरडी चालली. ती बाई माझी विहीण झाली. व्याही येणार म्हटलं, की मी आजही सिलिकॉनची ट्यूब लपवते.